रोज खिशात बाळगायची छोटी टॉर्च कशी निवडावी

छोटी टॉर्च घ्यायला निघालेला माणूस खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा आधी पाहतो आणि ज्या टॉर्चचा आकडा मोठा ती उचलतो. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती वेळ टिकतो, कुठवर पोचतो, त्यात वस्तूंचे रंग कसे दिसतात आणि मुळात ती टॉर्च रोज आपल्याजवळ राहणार आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते. म्हणून या लेखात निवडीचा क्रम मुद्दाम उलटा लावला आहे. आधी टॉर्चची जागा ठरवावी, मग सेल, मग झोत आणि उजेडाचा रंग, त्यानंतर बटण. ल्युमेनचा कमाल आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

मोबाइलच्या दिव्यावर काम भागते, हे बऱ्याच अंशी खरे आहे. मोबाइलचा दिवा साधारण ५० ल्युमेनच्या आसपास असतो आणि कुलूप उघडायला किंवा पलंगाखाली गेलेली वस्तू शोधायला तो पुरतो. पण फ्यूज बदलताना दोन्ही हात गुंतलेले असतील तर पेनाएवढी टॉर्च दातांत धरता येते, मोबाइल धरता येत नाही; भर पावसात तो खिशातून काढवत नाही; आणि रात्रभर वीज गेली असताना त्याचे चार्जिंग उजेडासाठी जाळणे परवडत नाही, कारण फोन करण्याची गरजही नेमकी तेव्हाच पडते.

पायरी १: टॉर्च कुठे राहणार, ते ठरवा

रोज बाळगण्याची टॉर्च ही आधी बाळगता आली पाहिजे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी अडकवायची असेल तर छोट्या पेन्सिल सेलवर (एएए) चालणारी, सेलसह ३० ते ४० ग्रॅम वजनाची बारीक टॉर्च योग्य ठरते. पँटच्या खिशात साध्या पेन्सिल सेलची (एए) टॉर्च सहज मावते. १८६५० क्रमांकाच्या जाड लिथियम सेलची टॉर्च मात्र सेलसह शंभर ग्रॅमच्या पुढे जाते; जीन्सच्या खिशात ती चालते, पण पातळ सुती कपड्यात खिसा ओढला जातो आणि दोन-चार दिवसांत ती घरच्या ड्रॉवरमध्ये जाऊन बसते. ज्या कपड्यांना खिसाच नसतो, म्हणजे साडी किंवा बरेचसे पंजाबी ड्रेस, त्यांच्यासाठी किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची बोटाएवढी चार्जिंगची टॉर्च हा सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे. पर्समध्ये तळाशी हरवणाऱ्या मोठ्या टॉर्चपेक्षा जुडग्यावरची लहान टॉर्च अधिक वेळा वापरली जाते.

स्कूटरच्या डिकीत किंवा मोटारीच्या कप्प्यात ठेवायची टॉर्च हा वेगळा विषय आहे. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आत जे तापमान होते, ते लिथियम-आयन सेलला मानवत नाही. पूर्ण चार्ज केलेला सेल अशा उष्णतेत पडून राहिला तर त्याची क्षमता झपाट्याने घटते. अशा जागी पुन्हा चार्ज न होणारे, दीड व्होल्टचे लिथियमचे पेन्सिल सेल टाकलेली साधी टॉर्च ठेवावी. हे सेल महाग असतात, पण वर्षानुवर्षे पडून राहिले तरी टिकतात आणि सहसा पाझरत नाहीत.

पायरी २: सेल निवडा, टॉर्च त्यामागून येईल

सेल ठरला की टॉर्चचा आकार, तिची ताकद आणि तिचा रोजचा सांभाळ या तिन्ही गोष्टी जवळजवळ ठरून जातात, त्यामुळे नवख्या माणसाने सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा.

गल्लीतल्या किराणा दुकानात मिळणारा स्वस्त पेन्सिल सेल बहुधा झिंक-कार्बनचा असतो. त्यावर बारीक अक्षरांत ‘आर६’ असे छापलेले असते. तो भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक आहे, पण टॉर्च जितका प्रवाह मागते तितका देताना तो लवकर दमतो. ‘एलआर६’ लिहिलेला अल्कलाइन सेल त्याहून बराच सरस असतो, मात्र वापरून संपलेला किंवा महिनोन्महिने आत विसरलेला अल्कलाइन सेल पाझरतो आणि स्प्रिंगवर पांढरट-हिरवट भुकटी जमून टॉर्च निकामी होते. अशा किती तरी टॉर्च घरोघरी पडलेल्या असतात. रोजच्या वापराला ‘एचआर६’, म्हणजे निकेल-मेटल-हायड्राइडचा, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा पेन्सिल सेल सर्वांत सोयीचा. त्यातही पडून राहिल्यावर चार्ज टिकवून धरणारा प्रकार घ्यावा. तो १.२ व्होल्टचा असतो, चांगल्या सेलची क्षमता २,००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, आणि अडीअडचणीला त्याच टॉर्चमध्ये दुकानातला साधा सेल घालून काम निभावता येते. गावोगावी फिरणाऱ्या माणसासाठी ही शेवटची सोय फार मोलाची आहे.

लिथियम-आयन सेल हा दुसरा वर्ग. त्यांच्या नावातच मापे असतात: १४५०० म्हणजे १४ मिलिमीटर व्यास व ५० मिलिमीटर लांबी, १८६५० म्हणजे १८ व ६५, आणि २१७०० म्हणजे २१ व ७०, शेवटचे शून्य सेल नळीच्या आकाराचा आहे एवढेच सांगते. यांचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. इथे एक धोका नीट लक्षात ठेवावा. १४५०० हा सेल पेन्सिल सेलच्याच मापाचा दिसतो, पण त्याचा दाब तिपटीच्या आसपास असतो. जी टॉर्च ‘एए आणि १४५०० दोन्ही चालतील’ असे स्पष्ट सांगत नाही तिच्यात तो घालू नये, आणि घरातल्या घड्याळात, रिमोटमध्ये किंवा मुलांच्या खेळण्यात तर चुकूनही जाऊ देऊ नये. घरात लहान मुले असतील तर असा सेल पेन्सिल सेलच्या डब्यात न ठेवता वेगळ्या, नाव लिहिलेल्या डबीत ठेवावा.

कोणत्या सेलमध्ये किती ऊर्जा असते, हे वॅट-तासांत मोजले की तुलना सोपी होते. त्यासाठी व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचे. छोट्या पेन्सिल सेलमध्ये (चार्जिंगच्या) सुमारे १ वॅट-तास, मोठ्या पेन्सिल सेलमध्ये सुमारे २.४, १४५०० मध्ये सुमारे ३, १८६५० मध्ये ११ ते १२ आणि २१७०० मध्ये सुमारे १८ वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे पेन्सिल सेलवरून १८६५० वर गेल्यास वजन साधारण दुप्पट होते आणि ऊर्जा जवळपास पाचपट. रोज रात्री तासभर टॉर्च वापरणाऱ्याने वजन सोसून १८६५० घ्यावा. आठवड्यातून दोनदा जिना उतरण्यापुरती टॉर्च लागणाऱ्याने तो भार वाहण्याचे कारण नाही.

पायरी ३: खोक्यावरचा दावा कागदावर मांडून पाहा

आता वरच्या आकड्यांचा उपयोग करू. आजची बरी एलईडी टॉर्च, मधल्या पातळीवर चालत असताना, सर्किटमधली घट धरून एका वॅटमागे साधारण ८० ते १०० ल्युमेन उजेड देते. त्यामुळे सेलच्या वॅट-तासांना १०० ने गुणले की त्या सेलमधून जास्तीत जास्त किती ल्युमेन-तास निघू शकतात याचा ढोबळ अंदाज येतो. १८६५० चे हे उत्तर ११०० ते १२०० येते.

समजा, खोक्यावर ‘१,००० ल्युमेन, ८ तास’ असे छापले आहे आणि आत एकच १८६५० सेल आहे. दावा शब्दशः घेतला तर ८,००० ल्युमेन-तास हवेत, आणि सेलमध्ये आहेत बाराशे. तरीही कंपनी खोटे बोलते आहे असे लगेच म्हणता येणार नाही, आणि गंमत इथेच आहे. टॉर्चच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली ‘एफएल१’ नावाचे मानक तयार झाले आणि आज बहुतेक नामवंत कंपन्या तेच पाळतात. त्या मानकानुसार टॉर्च चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने उजेडाची मोजणी सुरू होते आणि तो मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून धरला जातो. टॉर्च पहिली दोन-तीन मिनिटे हजार ल्युमेन देते, मग तापते, सर्किट तिला सव्वाशे-दीडशे ल्युमेनवर आणते, आणि तिथे ती तासन्‌तास चालत राहते. दीडशे हा आकडा शंभराच्या वर असल्यामुळे मानकाच्या भाषेत ती अजून ‘चालू’ असते. सव्वाशे-दीडशेला आठाने गुणून पाहा. उत्तर बरोबर सेलच्या ऊर्जेपाशी येते. म्हणजे आपण प्रत्यक्षात दीडशे ल्युमेनची टॉर्च घेत असतो, जी सुरुवातीची काही मिनिटे हजार ल्युमेनचा झगमगाट करते.

हे वाईट आहे असे नाही. आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक सरळ प्रमाणात जाणवत नाही; उजेड चौपट वाढला की साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे १,००० वरून २५० वर आलेली टॉर्च निम्मी झाल्यासारखी वाटेल, पण दीडशे ल्युमेनमध्ये अंधाऱ्या पायवाटेने निवांत चालता येते. फक्त निवड करताना कमाल आकडा न पाहता, ‘न तापता, न घटता ही टॉर्च किती ल्युमेन किती तास देते’ हे पाहावे. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात प्रत्येक पातळीचा वेळ वेगळा दिलेला असतो, काही ठिकाणी आलेखही असतो. पेन्सिल सेलच्या टॉर्चने ५० ल्युमेन तीन तास आणि १८६५० च्या टॉर्चने शंभर-सव्वाशे ल्युमेन सात-आठ तास दिले तर ती चांगली समजावी. सेलचा प्रकारच न सांगता नुसते ‘एक लाख ल्युमेन’ लिहिणाऱ्या टॉर्चसाठी गणित मांडण्याचेही कष्ट घेऊ नयेत.

पायरी ४: झोत लांब हवा की पसरट

बादलीभर पाणी पाइपमधून सोडताना तोंडावर अंगठा दाबला तर धार लांब जाते आणि काढला तर पाणी जवळच पसरते. पाणी तेवढेच असते. टॉर्चमध्ये अंगठ्याचे काम रिफ्लेक्टर किंवा भिंग करते, आणि त्या धारेचा जोर कँडेला या एककात मोजतात. झोत किती मीटर जातो याचा खोक्यावरचा आकडा कँडेलावरूनच काढलेला असतो: कँडेलाचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट करायची. २,५०० कँडेला म्हणजे १०० मीटर, १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण मानकाने ‘पोचला’ असे ज्या अंतराला मानले आहे, तिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उरलेला असतो. तिथे काय आहे हे ओळखू येईल असे उपयोगी अंतर त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी धरावे.

रोजच्या वापरातली नव्वद टक्के कामे हातभर ते दहा-पंधरा मीटर अंतरातली असतात, आणि त्यासाठी पसरट, मऊ कडांचा उजेड लागतो. लांब, टोकदार झोताची टॉर्च दुकानात फार रुबाबदार वाटते. घरी मीटरच्या पेटीत पाहताना मात्र मधोमध डोळे दिपवणारा ठिपका आणि भोवती काळोख असा प्रकार होतो. पुढचे तोंड सरकवून झूम करण्याच्या स्वस्त टॉर्चचाही मोह टाळावा. त्यांचे सरकते तोंड पाणी आणि धूळ आत घेते, आणि पूर्ण झूम केल्यावर भिंतीवर जो चौकोन दिसतो ती एलईडीची स्वतःची प्रतिमा असते. उरलेला बराच उजेड टॉर्चच्या आतच वाया जातो.

ज्यांना रात्री शेतावर जावे लागते त्यांचा विचार येथे वेगळा करायला हवा. महाराष्ट्रात कृषिपंपांना आळीपाळीने रात्रीचा वीजपुरवठा होत आला आहे, त्यामुळे मोटर चालू करायला किंवा पाण्याचे बारे द्यायला मध्यरात्री बांधावरून चालणे अनेकांना चुकत नाही. मण्यार रात्रीच हिंडते, आणि घोणस व फुरसे मातीच्या किंवा पाचोळ्याच्या रंगात मिसळून पडून राहतात. अशा ठिकाणी दोनशे मीटरवरचे झाड दाखवणारी टॉर्च फारशी कामाची नसते. पुढची चार-पाच पावले, वाटेच्या दोन्ही कडांसह, एकसारखी उजळणारी टॉर्च लागते. मधल्या पातळीवर शंभर ते दीडशे ल्युमेन, पसरट झोत, १८६५० सेल आणि जोडीला चार्ज केलेला दुसरा सेल, अशी जुळणी या कामाला योग्य आहे. हातात फावडे असेल तर कपाळावर बांधायची टॉर्च घेणे याहून बरे.

पायरी ५: उजेडाचा रंग

हा मुद्दा नवखे लोक सहसा सोडून देतात, आणि वापरू लागल्यावर सर्वांत जास्त फरक याचाच जाणवतो. उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात: ६,५०० केल्विनचा उजेड निळसर पांढरा, ५,००० चा दुपारच्या उन्हासारखा, ४,००० चा किंचित पिवळसर आणि ३,००० च्या खालचा जुन्या पिवळ्या बल्बसारखा असतो. निळसर एलईडीतून त्याच विजेत थोडे जास्त ल्युमेन निघतात, म्हणून आकड्यांच्या शर्यतीत कंपन्या तोच वापरतात. धुक्यात आणि पावसात हा निळसर उजेड डोळ्यांवर परत उसळल्यासारखा वाटतो. माझी पसंती ४,००० ते ५,००० केल्विनला आहे.

छटेपेक्षाही महत्त्वाचा आकडा म्हणजे सीआरआय. त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, हे तो १०० पैकी गुणांत सांगतो. साध्या टॉर्चचा सीआरआय ७० च्या आसपास असतो; ९० च्या वरचा ‘हाय सीआरआय’ म्हणवला जातो. वायरमनला लाल आणि तपकिरी वायर वेगळी ओळखायची असेल, पायाच्या जखमेतले रक्त आणि माती यांत फरक करायचा असेल, किंवा वाळक्या पानांतले फुरसे नजरेस पडायला हवे असेल, तर हा फरक थेट उपयोगी पडतो. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. दोन टॉर्चचा उजेड आळीपाळीने स्वतःच्या तळहातावर पाडून पाहावा. कमी सीआरआयच्या उजेडात तळवा राखाडी, निस्तेज दिसतो. चांगल्या उजेडात त्वचेखालचा लालसरपणा दिसतो. जपानच्या निचिया कंपनीची ‘५१९ए’ ही एलईडी या गुणासाठी नावाजलेली आहे, आणि टॉर्चच्या माहितीत तिचे नाव असेल तर रंगाची काळजी बव्हंशी मिटते. हाय सीआरआयपायी थोडे ल्युमेन कमी मिळतात. ते खुशाल सोडून द्यावेत.

पायरी ६: बटण आणि उजेडाच्या पातळ्या

मागच्या टोकाला बटण असेल तर टॉर्च मुठीत धरून अंगठ्याने चालवता येते. बाजूला बटण असेल तर ती पेनासारखी धरता येते. दोन्ही चांगले. डोके पिळून चालू करायच्या बारीक टॉर्चना मात्र दोन्ही हात लागतात, हे घेण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.

पातळ्यांपैकी सर्वांत मंद पातळी नवखे लोक पाहतच नाहीत, आणि घरात सर्वाधिक वापर तिचाच होतो. एका ल्युमेनहून कमी उजेडात झोपलेल्या बाळाची खोली ओलांडता येते. पाच-दहा ल्युमेनमध्ये जिना उतरता येतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम प्रखर उजेड पडला तर पुन्हा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून टॉर्च नेहमी मंद पातळीवरच चालू होईल, किंवा बटण लांब दाबल्यावर थेट मंद पातळी मिळेल, अशी घ्यावी. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर मंद पातळीशिवायची टॉर्च नेऊच नये. प्रखर झोताने काजव्यांचे लुकलुकणे थांबते आणि त्यांच्या मीलनात व्यत्यय येतो. तिथे टॉर्च पायांपुरती, जमिनीकडे वळवूनच वापरावी.

प्रखर, मध्यम, मंद, भकभक आणि एसओएस या पाचही गोष्टी एकाच बटणाने ओळीने फिरवणाऱ्या टॉर्च टाळाव्यात. जिन्यात मंद उजेड शोधताना दर वेळी भकभकाटातून जावे लागणे ही शिक्षा आहे. उलट टोकाला काही टॉर्चमध्ये दोन-तीन-चार वेळा बटण दाबून डझनभर गोष्टी बदलता येतात. हौशी लोकांना त्या आवडतात, पण घरातल्या वयस्कर मंडळींच्या हाती देण्यासाठी दोन किंवा तीन पातळ्यांचीच टॉर्च घ्यावी.

खिशात आपोआप चालू होणे हा खरा धोका आहे. १८६५० ची टॉर्च खिशात पूर्ण प्रखरतेवर चालू झाली तर कापड करपू शकते. यावर उपाय म्हणजे बटणाचे कुलूप, किंवा मागचे झाकण पाव आटा सैल करणे. दुसरा उपाय सगळ्याच टॉर्चमध्ये चालत नाही. आट्यांवर रंगीत लेप (अ‍ॅनोडायझिंग) असेल तरच झाकण सैल केल्यावर विद्युत्‌प्रवाह तुटतो. आटे उघड्या, चकचकीत धातूचे असतील तर टॉर्च चालूच राहते. घेताना झाकण सैल करून हे स्वतः पाहावे.

मंद पातळीवर उजेड सूक्ष्मपणे थरथरतो का, हेही तपासावे. टॉर्चसमोर हाताची बोटे वेगाने हलवली असता त्यांच्या तुटक तुटक प्रतिमा दिसल्या, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले, तर सर्किट स्वस्तातले आहे.

पायरी ७: पाणी आणि बांधणी

आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारी, आणि आयपीएक्स-८ म्हणजे त्याहून अधिक. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात वापरायची असेल तर ७ च्या खाली जाऊ नये. पाणी अडवण्याचे काम आट्यांजवळची रबरी कडी करते. तिला वर्षातून एक-दोनदा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. व्हॅसलीन लावू नये, त्याने काही प्रकारचे रबर फुगते. बांधणी अ‍ॅल्युमिनियमची असावी, कारण ती उष्णता बाहेर टाकते. अडकवण्याची क्लिप घट्ट असावी. मागच्या टोकाला चुंबक असेल तर गाडीच्या बॉनेटला टॉर्च चिकटवून दोन्ही हात मोकळे करता येतात.

पायरी ८: चार्जिंग आणि सेलची सुरक्षितता

टॉर्चलाच यूएसबी-सीचे छिद्र असेल तर वेगळा चार्जर लागत नाही. मात्र अनेक स्वस्त टॉर्च दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, कारण त्यांच्या आत आवश्यक ते रोधक बसवलेले नसतात. त्या जुन्या चौकोनी टोकाच्या केबलनेच चार्ज होतात. चुंबकाने चिकटणारी खास केबल असलेल्या टॉर्च सुटसुटीत असतात, पण ती केबल हरवली की टॉर्च अडून बसते. मी स्वतः सेल बाहेर काढता येईल अशीच टॉर्च घ्या असे सांगेन, कारण दोन-तीन वर्षांनी सेल म्हातारा होतो आणि आत कायमचा बंद केलेला सेल बदलता येत नसल्याने अख्खी टॉर्च टाकावी लागते. जुडग्याला लावायच्या चिमुकल्या टॉर्च तेवढ्या या नियमाला अपवाद.

लिथियम सेल स्वतंत्र घेताना घाई करू नये. १८६५० सेलवर ‘९,९०० मिलिअँपिअर-तास’ असे लिहिलेले असेल तर तो निःसंशय बनावट आहे. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २,५०० ते ३,५०० असते. जुन्या लॅपटॉपमधले सेल नवे वेष्टण चढवूनही विकले जातात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सेल ठेवून पाहावा: खरा १८६५० साधारण ४५ ग्रॅम भरतो, तीस-पस्तीस ग्रॅमचा निघाला तर आत काय आहे याचा विचार न करता परत द्यावा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेलना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. सेलवर किंवा वेष्टनावर ‘आयएस १६०४६’ हा क्रमांक आणि नोंदणी क्रमांक शोधावा. परदेशी टॉर्चच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे हीसुद्धा माल सरळ मार्गाने आल्याची खूण आहे.

सुटा सेल नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नये. दोन्ही टोके धातूने जोडली गेली तर तो क्षणात तापतो. त्यासाठी प्लास्टिकची डबी मिळते. वरचे वेष्टण फाटलेला किंवा फुगलेला सेल वापरू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा. गादीवर चार्जिंग लावू नये. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत; ते टोके झाकून हातातल्या पिशवीत न्यावेत.

पायरी ९: निवड पक्की करा आणि लगेच तपासा

सर्व पायऱ्या ओलांडूनही मन ठरत नसेल, तर पहिली टॉर्च म्हणून एका पेन्सिल सेलवर चालणारी, ९० च्या वर सीआरआयची, तीन-चार पातळ्यांची टॉर्च आणि जोडीला निकेल-मेटल-हायड्राइडचे दोन सेल व चार्जर घ्यावा. नमुन्यादाखल नावे सांगायची तर छोट्या पेन्सिल सेलच्या वर्गात ओलाइटची आय३टी, पेन्सिल सेल आणि १४५०० दोन्ही घेणारी सोफिर्नची एसपी१० प्रो, आणि १८६५० मध्ये वुर्कोसची एफसी११ ही नवख्यांच्या आवाक्यातली मॉडेल आहेत. एसपी१० प्रोचे बटण मात्र शिकून घ्यावे लागते. ती भेट देण्यापेक्षा स्वतःसाठी बरी. मॉडेल वरचेवर बदलतात, एकाच नावाखाली वेगवेगळ्या एलईडी येतात, त्यामुळे मागवताना केल्विन आणि एलईडीचे नाव पुन्हा वाचावे.

टॉर्च घरी आली की पहिल्याच दिवशी सेल पूर्ण चार्ज करावा आणि ती मधल्या पातळीवर चालू करून, समोर बसून, घड्याळ लावून पाहावी. माहितीपत्रकातल्या वेळेच्या पाऊण हिश्श्याआधीच ती मंदावली तर सेल किंवा सर्किट सदोष आहे. टॉर्च थंड असताना, झाकणे घट्ट करून, आयपीएक्स-७ किंवा ८ चा दावा असेल तरच, तिला अर्धा तास पाण्याच्या भांड्यात ठेवावे आणि मग काचेच्या आतून बाष्प दिसते का पाहावे. तापलेली टॉर्च कधीही पाण्यात टाकू नये. आतली हवा एकदम आकसते आणि पाणी आत ओढले जाते. शेवटी सेल पूर्ण चार्ज करून टॉर्च बंद स्थितीत आठ-दहा दिवस तशीच ठेवावी. बाजूच्या इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्च बंद असतानाही थोडी वीज पितात, आणि सदोष टॉर्च तेवढ्या दिवसांत सेल रिकामा करते. परत करण्याची मुदत बहुधा इतकीच असते, म्हणून ही शेवटची चाचणी आल्या आठवड्यातच सुरू करावी आणि ती संपेपर्यंत खोके व पावती टाकू नये.